कौलं आणि सातबारा: गावच्या घराच्या नोंदी, मार्च ते मे २०२५

८ मार्च, शनिवार

तुतारी एक्स्प्रेसनं राजापूर रोडला उतरले, पाऊण तासानं घरी. दिवाळीनंतर आज कुलूप निघालं. माजघरात पाय टाकला तशी वाळवीची ओलसर वासाची माती पायाला लागली. देवघराच्या चौकटीवर डाव्या हाताला वीतभर उंचीचं वारूळ चढलंय. चौकट फणसाची, आत अजून खणखणीत लागते. खुंटीजवळची पाटी मात्र बोटानं दाबली तर आत जाते.

आज फक्त झाडलोट. गुरुवारी होळी आहे, नंतर पालखी दारात येईल, त्याआधी ओटी आणि खळं सारवून व्हायला हवं. शेजारच्या वहिनी शेण देते म्हणाल्या.

यंदा वही नीट ठेवायची असं ठरवून आलेय. दर वर्षी मे महिन्यात धावपळ करायची, मिळेल त्या माणसाकडून चार कौलं बदलून घ्यायची आणि जुलैत परत बादल्या मांडायच्या, हे आठ वर्षं चाललंय. बाबा होते तोवर हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. माझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून लिहायचं.

१० मार्च, सोमवार

पोटमाळ्यावर चढले. गेल्या जुलैत जिथे जिथे पाणी टपकत होतं तिथे जमिनीवर आणि वाशावर खडूनं फुल्या करून ठेवल्या होत्या. त्या मोजल्या: १४. त्यातल्या ९ पश्चिमेच्या पाखावर, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावर. झड तिकडूनच येते. ३ आढ्याखाली, २ स्वयंपाकघरात धुराड्याच्या बाजूला.

दुपारी बाराला आत अंधार करून वर बघितलं. जिथून उजेडाची बारीक रेघ येते तिथे कौल सरकलंय किंवा तडकलंय. रेघा ३० हून जास्त निघाल्या. म्हणजे गळती १४ ठिकाणी दिसली तरी दोष दुप्पट जागी आहे; बाकीचं पाणी रिपांवरून (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) वाहत जाऊन दुसरीकडे पडतं. आजवर पाणी पडायचं त्याच्या बरोबर वरचं कौल बदलत होतो. फरक पडत नव्हता तो यामुळेच.

कौलं सरकण्याची कारणं दोन. वानरं छपरावरून धावतात, आणि उदमांजर रात्री वळचणीतून आत शिरतं. पूर्वी घरात माणसं होती, कुत्रं होतं. आता अख्ख्या वाडीत अकरा घरांपैकी चारच उघडी असतात.

चुलीचं एक लक्षात आलं. स्वयंपाकघरावरचे वासे काळे कुळकुळीत आहेत आणि त्यांना एकही भोक नाही. माजघरावरचे, जिथे धूर पोचत नसे, ते भुंग्यानं पोखरलेत. साठ-सत्तर वर्षं रोजच्या धुरानं ते लाकूड राखलं. २०१६ पासून चूल पेटलेली नाही. या खेपेपासून आलं की दोन्ही वेळ चूल पेटवायची, गॅस असला तरी.

१३ ते १५ मार्च, शिमगा

नोंद एकत्रच करतेय, मधे वेळ मिळाला नाही.

सगळे आले. धाकटे काका वसईहून, माझा भाऊ ठाण्याहून, मधल्या काकांचा मुलगा बदलापूरहून बायकामुलांसकट, आत्या लांज्याहून. ओटीवर पालखी टेकली, आत्यानं ओटी भरली. ती ७४ वर्षांची आहे; पायरी चढताना दोघांनी धरावं लागलं, पण सारवलेल्या जमिनीवर मात्र एकटी चालत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विषय निघाला. माझ्या चुलतभावाला एका दलालाचा फोन आलाय. घर आणि भोवतालची २४ गुंठे मिळून २८ लाख. गिऱ्हाईक मुंबईचं आहे, कौलारू घर पाडून बंगला बांधायचाय, हायवेपासून रस्ता बरा आहे म्हणून जागा पसंत पडली. चुलतभावाचं म्हणणं सरळ आहे: बदलापूरच्या फ्लॅटचं कर्ज आहे, मुलगी बारावीला आहे, आणि वर्षातून सहा दिवस येतो त्या घरावर दर वर्षी पैसे घालायचे कशाला. तो वाईट माणूस नाही. लहानपणी याच पडवीत आम्ही एका गोधडीत झोपायचो. त्याचा हप्ता मला माहीत आहे, त्यामुळे रागावता येत नाही.

काकांनी विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" कोणालाच नक्की सांगता येईना. तिथेच ते बोलणं थांबलं.

छपराचं मात्र ठरलं. चुलतभाऊ आणि भाऊ दोघंही रंगीत पत्रा घाला म्हणत होते. आजूबाजूला सहा घरांवर कौलं काढून किंवा कौलांवरच पत्रा चढवलाय. एकदा खर्च की पंधरा-वीस वर्षं बघायला नको, हे खरं आहे. पण एप्रिलात पत्र्याखाली बसवत नाही आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शिवाय आमचे वासे आधीच कमकुवत आहेत. पत्रा वाऱ्यानं उचलला जातो, त्याला ते धरणार का, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. शेवटी काका म्हणाले, "जी बघते तिनं ठरवावं." मी कौलं म्हटलं.

२२ मार्च, शनिवार, डोंबिवली

महाभूमीवर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. भोगवटादाराच्या रकान्यात फक्त आजोबांचं नाव. आजोबा १९८७ साली गेले. ३८ वर्षांत ना आजीचं नाव लागलं, ना बाबांचं, ना काकांचं, ना आत्यांचं. घरपट्टीची पावती दर वर्षी मीच भरते, तीही आजोबांच्याच नावानं फाटते. पावती हातात असताना ते नाव दर वर्षी वाचलं, पण कधी बोचलं नाही.

वारस मोजले. आजी १९९९ ला गेली. मुलं पाच. बाबांच्या मागे आई, मी, भाऊ. मधल्या काकांच्या मागे काकू, चुलतभाऊ, चुलतबहीण. धाकटे काका स्वतः. थोरली आत्या गेली, तिचे दोन मुलगे कुडाळात. धाकटी आत्या. एकूण १० नावं.

आता त्या २८ लाखांचा अर्थ लागतो. बँकेत तेवीस वर्षं कर्जविभागात काढली, अशी प्रकरणं पाहिली आहेत. मयत माणसाच्या नावावरची जागा घेणारा स्वतःच्या धोक्याची रक्कम आधीच किमतीतून कापून घेतो. शिवाय आमची जागा शेतजमीन आहे. आमच्याकडे घरं आपापल्या सातबाऱ्याच्या जमिनीतच उभी असतात, वेगळं गावठाण नाही. कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ मुळे शेतजमीन विकत घ्यायला घेणारा शेतकरी लागतो, नाहीतर परवानगी लागते. म्हणजे गिऱ्हाईकं आधीच थोडी, त्यात कागद असे.

दुसरी भीती जास्त आहे. दलालानं चुलतभावाला असंही सुचवलंय, "बाकीचे नसतील तयार तर तुमचा हिस्सा तेवढा द्या." गावात हे असंच होतं. एकाचा न वाटलेला हिस्सा बाहेरचा माणूस घेतो आणि मग वाटणीचा दावा लावून सगळ्यांना कंटाळवतो. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ४४ सांगतं, की कुटुंबाच्या राहत्या घरातला असा हिस्सा परक्यानं घेतला तरी त्याला घरात येऊन आपल्याबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही; त्यानं वाटणी मागावी. आणि हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ इतर वारसांना तो हिस्सा आधी घेण्याचा अग्रहक्क देतं. हे दोन्ही चुलतभावाला फोनवर सांगितलं, वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, मी तसं करणार नाही गं." त्याच्यावर माझा विश्वास आहे. तरी वहीत लिहून ठेवतेय.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी डोंबिवलीतच. गावी शेजारच्या दादांनी आमच्या दारात आंब्याचा टाळा लावला आणि फोटो पाठवला. फोटोत मागच्या भिंतीचा फुगलेला गिलावा स्पष्ट दिसतोय.

१ एप्रिल, मंगळवार

आजपासून दोन गोष्टी.

नवे रेडीरेकनर दर लागू झाले. आधीची दोन वर्षं तेच दर ठेवले होते, यंदा वाढवले. ग्रामीण भागात सरासरी ३.३६ टक्के, मुंबईत ३.३९, पुणे शहरात ४.१६, सोलापूर शहरात सगळ्यात जास्त १०.१७. चुलतभावाचा लगेच मेसेज, "आपली किंमत वाढली ना?" त्याला समजावलं: रेडीरेकनर म्हणजे जागा तेवढ्याला विकली जाते असं नाही. व्यवहाराची रक्कम आणि सरकारी मूल्य यांत जी जास्त त्यावर मुद्रांक शुल्क बसतं, त्यासाठी तो तक्ता. आमच्याकडे ओढा-रस्ता जवळ असलेल्या जागा त्या दराच्या कितीतरी वर जातात, आणि पायवाटेवरच्या तेवढ्यालाही कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या जास्त कामाची. जिवंत सातबारा मोहीम आजपासून राज्यभर सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. ५ तारखेपर्यंत चावडीवाचन, ६ ते २० कागद द्यायचे, २१ एप्रिल ते १० मे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर बदलाची नोंद. ३८ वर्षं जे राहिलं ते सहा आठवड्यांत होऊ शकतं. शुक्रवारची रजा टाकली.

४ आणि ५ एप्रिल

चावडीवाचनाला गेले. तलाठ्यांनी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) मयत खातेदारांची यादी वाचली. आमच्या गावाची वाचायला पाऊण तास लागला. आजोबांचं नाव आलं तेव्हा मी "हजर" म्हणावं तसा हात वर केला. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "तू कोणाची गो?" बाबांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मग तुझ्या आजोबांच्या तिरडीला मी खांदा दिलाय." नंतर जबाबाला पंच म्हणून सही त्यांनीच केली.

लागणारे कागद: आजोबा, आजी, बाबा, मधले काका, थोरली आत्या यांचे मृत्यूदाखले, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांचे पत्ते, फोन, आधार. आजोबांचा दाखला बाबांच्या ट्रंकेत होता, आंब्याच्या पेटीच्या पावत्यांखाली. आजीचा मिळाला नाही. ग्रामपंचायतीत १९९९ ची नोंद शोधून घ्यावी लागली, सापडली.

एक अडलं. कोणीतरी सुचवलं, की आत्यांची नावं कशाला, त्यांच्याकडून हक्कसोड घ्या, काम सुटसुटीत होईल. हे सांगणारा आमचाच नातेवाईक आहे. मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीनं पक्का झाला, ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासून आहे असं स्पष्ट केलं. तरी गावात आजही पहिला प्रश्न हाच निघतो. त्याच बोलण्यात मलाही "तुझं नाव लावायचंय का" असं विचारलं गेलं. आठ वर्षं या छपराखाली बादल्या मी मांडल्या आहेत.

संध्याकाळी लांज्याला आत्याकडे गेले. तिला समजावून सांगितलं: नाव लागलं म्हणजे विकायलाही सही लागणार, भांडणातही ओढली जाशील. ती बराच वेळ पान लावत बसली. मग म्हणाली, "मला पैसा नको बाय. पण नाव लाव. माझं नाव त्या घरात कशावरच नाही." आधार कार्ड शोधायला स्वतः उठली.

९ एप्रिल, बुधवार

सगळे कागद सोमवारी दिले, पोच घेतली.

रिझर्व्ह बँकेनं आज रेपो दर ६ टक्क्यांवर आणला. फेब्रुवारीत ६.२५ केला होता. दोन्ही मिळून अर्धा टक्का. चुलतभावासाठी हिशेब करून पाठवला: ३० लाख, २० वर्षं, ९ टक्क्यांनी हप्ता २६,९९२, साडेआठनं २६,०३५. महिन्याला साधारण ९५० रुपये. त्याचं कर्ज रेपोशी जोडलेलं आहे, त्यामुळे कपात आपोआप पोचेल. पण बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. हप्ता कमी हवा असेल तर मागावा लागतो. त्याला अर्जाचा मजकूर लिहून दिला. घर विकण्याचं कारण हप्ता असेल तर आधी हप्त्याकडे बघू.

१४ ते १८ एप्रिल, शाकारणी

या पाच दिवसांसाठीच सगळी धडपड होती.

माणूस मिळणं सगळ्यात अवघड. आंब्याचा मोसम, सगळे बागांत. पत्रा मारणारे तालुक्यात वाटेल तेवढे, कौलं परतणारे मात्र विचारत विचारत एकच सापडले. वय ६८, बरोबर पुतण्या. मजुरी दोघांची दिवसाला २,००० आणि दोन वेळचं जेवण.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिकवलं ते लिहिते. कौलावर पाय द्यायचा नाही. शिडी छपरावर आडवी टाकून तिच्यावरून सरकायचं. पाखं एकदम उघडं करायचं नाही, चार-पाच हातांचा पट्टा काढायचा, रिपा तपासायच्या, मग वळचणीकडून आढ्याकडे लावत जायचं, कारण वरचं कौल खालच्याच्या पाठीवर बसतं. कडेची खाच शेजारच्याच्या खाचेत बसल्याचा आवाज येतो. तो आवाज न येता बसलेलं कौल पहिल्या वाऱ्यात सरकतं. कौलं परतणाऱ्या या काकांना तो आवाज खालून, चहा पिताना कळत होता. पुतण्याला हाक मारून म्हणायचे, "तिसरं परत काढ."

छपरावर एकूण साधारण २,१०० कौलं. त्यातली २४३ बाद. बरीच तडकलेली नव्हती, पण बोटानं वाजवली की बद्द आवाज. पाणी पिऊन भुसभुशीत झालेली. शेवाळ असलेली बाजूला काढून काथ्याच्या ब्रशनं धुतली. ते काम मी, भाऊ आणि त्याच्या मुलानं केलं. शेवाळ पाणी धरून ठेवतं आणि कौल खालून झिरपायला लागतं, म्हणून तडा नसतानाही टिपूस येतो. आमच्या फुल्यांतल्या निदान चार अशाच होत्या.

नवी कौलं घेतली नाहीत. आताच्या कौलांचं माप थोडं वेगळं, खाचा जुळत नाहीत. चार किलोमीटरवर एक घर पाडत होते, तिथून जुनी ३०० कौलं १४ रुपयांनी घेतली. ते घर विकलं गेलंय. पाडणारे घाईत होते. आम्ही गेलो नसतो तर रस्त्याच्या भरावात गेली असती. त्यांची आढ्याची तुळई अजून तशीच उभी होती आणि तिला लग्नातलं तोरण बांधलेलं होतं. तिथे जास्त वेळ थांबवलं नाही.

धुताना आमच्याच छपरावरच्या एका कौलाखाली बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ साल निघालं. ते साल कौलाचं नव्हे. मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला त्याचं. पण पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, म्हणजे त्या शिक्क्याचं कौल शंभरी ओलांडलेलं. आमचं घर १९५१ चं. आजोबांनीही तेव्हा कुठल्यातरी मोडलेल्या घराची कौलं आणली असणार. काकांनी ते वाजवून बघितलं आणि परत लावलं, पूर्वेच्या पाखावर, वरून तिसऱ्या ओळीत.

चार वासे बदलले. किंजळीचे मिळाले. पोखरलेल्या पण भक्कम असलेल्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल दिलं. होड्यांना देतात तेच. हातमोजे घालूनच. भाच्यानं मोज्याशिवाय डबा उचलला तर मनगटावर फोड आले, खोबरेल लावून बसवलं. आढ्यावरची गोल कौलं पूर्वी कोणीतरी सिमेंटमध्ये बसवली होती, ती तीन ठिकाणी चिरली होती. सिमेंट फोडून चुना-वाळूत बसवली. छप्पर उन्हानं हलतं, चुना त्याच्याबरोबर थोडा हलतो.

माजघरावर दोन काचेची कौलं टाकली. आता दुपारी दिवा लावायला नको. वळचणीला जाळी मारली, उदमांजराला वाट बंद.

खर्च: मजुरी १०,०००, कौलं ४,२०० आणि टेम्पो १,५००, वासे-रिपा ११,४००, तेल, चुना, जाळी ३,१५०. एकूण ३०,२५०. पत्र्याचा अंदाज पावणेदोन लाखांचा आला होता.

१९ एप्रिल, शनिवार

मागची भिंत. १९९८ साली बाबांनी जांभ्याच्या भिंतीला खालचा दोन फूट सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, ओल येते म्हणून. तो फुगलाय, लोणा धरलाय. फोडला तर आतला चिरा एप्रिलातही ओला. जांभा पाणी शोषतो आणि बाहेर सोडतो. वर सिमेंट लावलं की सोडायची वाट बंद, ओल आतल्या आत वर चढत जाते. बाबांना तेव्हा सगळ्यांनी हेच करा म्हणून सांगितलं होतं. भिंत तीन आठवडे उघडी ठेवून वाळवायची, मग चुन्याचा गिलावा. कळीचा चुना आजच पिंपात विरवला.

ओलीचं मूळ मात्र भिंतीत नाही, मागच्या दरडीखालच्या चरात आहे. तो मातीनं भरून सपाट झाला होता. दोन माणसं लावून ३० मीटर उकरला, हातभर खोल, उतार ओढ्याकडे. या घराचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि इतकी वर्षं माझ्या यादीत ते नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दरडीचं पाणी भिंतीला टेकून उभं राहिलं तर कुठलाही गिलावा पुरणार नाही.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

फेरफार २२ तारखेला धरला गेला, नोटिसा निघाल्या. हरकतीला १५ दिवस. कुडाळच्या आत्येभावांना नोटीस मिळाली तेव्हा घाबरून फोन आला, "कोर्टाचं काय आलंय?" त्यांना माहीतच नव्हतं की त्यांच्या आईचा इथे हक्क आहे. थोरला थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आई दर मे महिन्यात इथल्या फणसाची आठवण काढायची.

१० मे, शनिवार

फेरफार मंडळ अधिकाऱ्यांनी काल प्रमाणित केला. सातबारा परत काढला, १५ रुपये. दहा नावं. आईचं, माझं, भावाचं, काकूंचं. आत्याचं शेवटून दुसरं. छापून तिला लांज्याला पाठवला.

भिंतीला चुन्याचा पहिला हात झाला.

१३ मे, मंगळवार

त्याच दलालाचा चुलतभावाला फोन. ३५ लाख. मधल्या दोन महिन्यांत गिऱ्हाईक तेच, रस्ता तोच. रेडीरेकनरच्या ३.३६ टक्क्यांनी २८ चे २९ देखील होत नाहीत. वाढलेत ते या दहा नावांचे पैसे. चुलतभावानं मला हे लपवलं नाही, स्वतः सांगितलं. म्हणाला, "म्हणजे मार्चमध्ये दिलं असतं तर सात लाख तिथेच गेले असते."

त्याला विकायचंच असेल तर हिस्सा घरातल्या घरात घ्यायचा असं काका, भाऊ आणि मी बोललो. हप्त्याहप्त्यानं, तीन वर्षांत. भाव ठरलेला नाही. काका रेडीरेकनर म्हणतात, चुलतभाऊ दलालाचा आकडा धरतो. माझ्या मते दोन्ही चूक: एक फार कमी, दुसरा पूर्ण मोकळ्या जागेचा, आणि यात घर पाडण्याची किंमत धरलेली आहे. सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून घर उभं धरून किंमत काढून घ्यावी असं मी सुचवलंय.

२१ मे, बुधवार

कालपासून पाऊस. मे महिन्यात इतका पाऊस मी इथे पाहिलेला नाही. शेजारच्या दादांना फोन केला, त्यांच्याकडे किल्ली आहे. चुन्याचा दुसरा हात राहिलाय, पश्चिमेच्या पडवीची ताडपत्री बांधायची राहिलीये. दर वर्षी हे ५ जूनपर्यंत चालतं. रात्रीची गाडी पकडतेय.

२५ मे, रविवार

मोसमी पाऊस काल केरळात आणि आज देवगडपर्यंत पोचला. २००९ नंतर केरळात इतक्या लवकर आला नव्हता. इथे कालपासून खंड नाही.

ताडपत्री गुरुवारी भिजत बांधली. दुसरा हात राहिला तो राहिला; भिंतीवर वळचणीतून गोणपाट सोडलंय. चर वाहतोय, गढूळ पाणी थेट ओढ्याला. भिंतीपाशी डबकं नाही.

पहाटे चारला झड पश्चिमेकडून लागली तेव्हा विजेरी घेऊन पोटमाळ्यावर चढले. जुन्या १४ फुल्यांपाशी एकेक करून हात लावला. १२ कोरड्या. धुराड्याजवळच्या दोन ओल्या, तिथे कौल कापून बसवावं लागतं, ते नीट झालेलं नाही. नवी गळती एक: काचेच्या कौलाच्या कडेला, थेंब थेंब. खडूनं फुली केली, तारीख घातली.

खाली आले तर चूल पेटलेली होती. आत्या काल लांज्याहून आलीय, तीच उठून बसली होती.

२८ मे, बुधवार

काल मंत्रिमंडळानं शेतजमिनीच्या वाटपपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय घेतला. शासन निर्णय हातात आला की वकिलांना विचारायचं, चुलतभावाच्या हिश्शाचं त्यातून काही बसतं का.

राहिलेलं: धुराड्याभोवती जस्ती पत्र्याची पट्टी, काचेचं कौल परत बसवणं, भिंतीला चुन्याचा दुसरा हात, आता ऑक्टोबरात, ग्रामपंचायतीत नमुना ८ वर घराची नोंद अजून आजोबांच्याच नावावर आहे, तो अर्ज वेगळा, जूनच्या मासिक सभेपुढे जाईल, विजेच्या मीटरचं नाव, विहिरीचा गाळ यंदा निघाला नाही. कौलं परतणाऱ्या काकांना दिवाळीनंतरची तारीख विचारून ठेवायची, पुतण्याचा नंबर घेतलाय.